लेबल झाकल्यावर

दर जुलैत आमच्या घरी एक परीक्षा होते. कुवेतहून सुट्टीवर ठाण्याला गेलो, की एखाद्या शनिवारी मेव्हणा संध्याकाळी तीन बाटल्या घेऊन येतो. टीचर्स, व्हॅट ६९ आणि ब्लॅक अँड व्हाइट. तिन्ही स्कॉच, तिन्ही स्कॉटलंडहून घाऊक स्वरूपात भारतात येऊन इथे बाटलीत भरलेल्या, आणि म्हणून नोकरदाराच्या खिशाला झेपणाऱ्या. परीक्षक माझी बायको. ती स्वतः थेंबही घेत नाही, त्यामुळे तिच्यावर पक्षपाताचा आरोप करता येत नाही. ती बाटल्या स्वयंपाकघरात नेते, वर्तमानपत्रात गुंडाळते, एक-दोन-तीन आकडे घालते आणि सारख्या पेल्यांत थोडी थोडी ओतून बाहेर पाठवते. कुठली कुठली ते आम्ही ओळखायचं.

मेव्हणा गेली वीस वर्षं सांगत आलाय, की टीचर्स आपण डोळे मिटून ओळखू. पहिल्याच वर्षी त्याने व्हॅट ६९ ला टीचर्स म्हटलं. मी तिन्ही चुकलो. बायकोने वहीत गुण मांडले आणि म्हणाली, "मग इतकी वर्षं तुम्ही पीत काय होतात? लेबल?"

प्रश्न चेष्टेचा होता, पण माझ्या डोक्यातून गेला नाही. स्कॉचचा इतिहास वाचत गेलो तसं लक्षात आलं, की बायकोचं बरोबर होतं. आपण लेबलच पितो. फक्त ते लेबल दिसतं तितकं पोकळ नाही. ते कशासाठी जन्माला आलं हे कळलं, आणि आम्ही राहतो त्या कुवेतमध्ये लेबल नाहीसं झाल्यावर काय होतं हे पाहिलं, तेव्हा त्याची किंमत कळली.

सुरुवात ग्लासगोपासून करू. एकोणिसाव्या शतकात तिथल्या गरीब वस्त्यांतल्या गुत्त्यांवर मिळणारी व्हिस्की म्हणजे आज मनात येणारा तो सोनेरी, सुगंधी द्रव नव्हे. १८७२ मध्ये तिथल्या 'नॉर्थ ब्रिटिश डेली मेल' या वर्तमानपत्राने गुत्त्यांमधले नमुने रसायनतज्ज्ञाकडून तपासून घेतले. भेसळ सर्रास सापडली. काही नमुन्यांत तर जाळायचं मिथिलेटेड स्पिरिट होतं. म्हणजे स्कॉच जिथली, तिथल्याच गरीब माणसाला पेल्यात काय आहे याचा भरवसा नव्हता.

याच काळात काही किराणा दुकानदार आणि मद्यविक्रेते एक वेगळा धंदा उभा करत होते. एनिअस कॉफीने १८३० मध्ये सतत चालणाऱ्या भट्टीचं पेटंट घेतलं होतं. तिच्यामुळे धान्याची हलकी व्हिस्की स्वस्तात आणि भरपूर निघू लागली. मोड आणलेल्या जवापासून काढलेली माल्ट व्हिस्की मात्र प्रत्येक पिंपात वेगळी, कधी उग्र, कधी धुरकट. एडिंबरोच्या अँड्र्यू अशरने १८५० च्या दशकात वेगवेगळ्या व्हिस्की एकत्र करायला सुरुवात केली. १८६० च्या कायद्याने कर भरण्याआधीच गोदामात असं मिश्रण करायला परवानगी दिली, आणि 'ब्लेंड' जन्माला आला. जॉनी वॉकरचं मूळ म्हणजे १८२० मध्ये किल्मार्नॉक गावात उघडलेलं किराणा दुकान. चहाची पानं मिसळून वर्षभर एकच चव देणं ही त्या काळच्या दुकानदारांची विद्या. तीच पुढे व्हिस्कीच्या कामी आली.

व्हॅट ६९ ची जन्मकथा तर आमच्या परीक्षेचीच आहे. कंपनी सांगते ती हकीकत अशी. लीथच्या विल्यम सँडरसनने १८८२ मध्ये शंभर वेगवेगळी मिश्रणं तयार केली, जाणकारांना बोलावलं आणि चाखून निवड करायला सांगितली. सर्वांनी एकोणसत्तराव्या पिंपावर बोट ठेवलं, तेच नाव झालं. थोडक्यात, आमच्या लहानपणी हिंदी चित्रपटातल्या खलनायकाच्या टेबलावर हटकून दिसणारी ती बाटली चाखण्याच्या स्पर्धेतली विजेती आहे.

या ब्लेंड केलेल्या, नाव छापलेल्या बाटलीने गिऱ्हाइकाला एक वचन दिलं. आज जी चव, तीच पुढच्या वर्षी, आणि आत काय आहे त्याला आम्ही जबाबदार. सरकारनेही हळूहळू या वचनामागे कायदा उभा केला. व्हिस्की म्हणायचं तरी कशाला, यावर लंडनमध्ये खटला झाला, १९०८-०९ मध्ये राजआयोग बसला. पहिल्या महायुद्धात, १९१५ च्या कायद्याने, दारू लाकडी पिंपात किमान काळ मुरवणं बंधनकारक झालं. तो काळ लवकरच तीन वर्षांचा झाला आणि आजही तेवढाच आहे. लेबल म्हणजे सजावट नव्हे. ते भेसळीला दिलेलं उत्तर होतं.

हे लेबल आपल्याकडे आलं ते बोटीने, आणि इथेच मुंबई आणि कुवेत एका रेषेवर येतात. व्हिस्कीच्या भट्ट्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या कॅम्पबेलटाउन गावात जन्मलेला विल्यम मॅकिनन हा स्कॉटिश व्यापारी भारतात आला आणि त्याने जी जहाज कंपनी काढली, ती म्हणजे ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन. आपल्या आधीच्या पिढ्यांची 'बीआय'. १८६२ पासून तिच्या बोटी मुंबईहून टपाल घेऊन आखातात जाऊ लागल्या. आखातात तिची एजंट होती ग्रे मॅकेन्झी कंपनी. पुढे कुवेतमध्ये दारूची आयातही याच कंपनीच्या हाती होती.

हो, कुवेतमध्ये. आज इथे नव्याने आलेल्या मराठी मुलाला हे सांगितलं तर त्याला खरं वाटत नाही. पण विसाव्या शतकाच्या पहिल्या साठ वर्षांतलं कुवेत मुंबईच्या अंगणातलं होतं. इथल्या मोत्यांचा बाजार मुंबईत, इथल्या व्यापाऱ्यांच्या पेढ्या मुंबईत, आणि खिशातलं नाणं भारतीय रुपया. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा रुपया काढला, आणि १ एप्रिल १९६१ ला कुवेती दिनार आला तेव्हा कुठे रुपयाने निरोप घेतला. त्याच वर्षी जूनमध्ये कुवेत स्वतंत्र झालं. तोवर परदेशी माणसांवर, त्यांत भारतीयही आले, ब्रिटिश पोलिटिकल एजंटच्या न्यायालयाची सत्ता होती. मुसलमान रहिवाशांना दारू वर्ज्य, पण मुसलमान नसलेल्या परदेशी माणसांना ती परवान्यावर मिळे. तेल कंपनीने वाळवंटात वसवलेल्या अहमदीत गोऱ्या साहेबांचे क्लब होते आणि क्लबात स्कॉच होती. तिथे कारकुनी आणि तांत्रिक कामं करणारे अनेक जण भारतातून आलेले होते.

गंमत अशी, की त्याच वेळी मुंबईत मात्र दारूबंदी होती. बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस सरकारने १ ऑगस्ट १९३९ ला मुंबई शहरात पहिल्यांदा बंदी आणली. महायुद्ध सुरू झाल्यावर ते सरकार पायउतार झालं आणि तो प्रयोग अर्धाच राहिला. स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाई गृहमंत्री असताना १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. एफ. एन. बलसारा नावाच्या पारशी गृहस्थांनी त्याला आव्हान दिलं. आपल्याला हव्या असलेल्या वस्तूंच्या यादीत त्यांनी व्हिस्की, ब्रँडी, बिअर यांच्याबरोबर चक्क ओडी कोलोनही घातलं होतं, कारण त्यातही अल्कोहोल. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दारूबंदी वैध ठरवली. औषधं आणि प्रसाधनांवरची बंधनं मात्र उडाली. बलसारांना कोलोन मिळालं, व्हिस्की नाही.

तो कायदा महाराष्ट्रात आजही आहे. फरक इतकाच, की तो परवान्याने चालतो. प्रकृतीच्या जपणुकीसाठी या इसमास दारू पिणे आवश्यक आहे, अशा अर्थाचा कागद सरकार देतं, आणि दुकानातून एक दिवसाचा परवाना पाच रुपयांत मिळतो. आमच्या परीक्षेच्या आधी मेव्हणा तो हटकून घेतो आणि भिंतीवरच्या गणपतीजवळ ठेवतो. तीन बाटल्यांसाठी प्रकृती किती जपायची, हे विचारायचं नाही.

साठच्या दशकात, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, मुंबईची दारूबंदी सैल होत गेली. नेमक्या त्याच सुमारास कुवेतची आवळली. १९६३ मध्ये निवडून आलेल्या पहिल्या राष्ट्रीय सभेने १९६४ मध्ये दारूची आयात, निर्मिती आणि विक्री सर्वांसाठीच बंद करणारा कायदा केला. साहेबांचे परवाने संपले, ग्रे मॅकेन्झीचं ते दुकान संपलं. हा कायदा कुणी परक्याने लादलेला नव्हता. जेमतेम तीन वर्षांच्या स्वतंत्र देशाने, आपल्या निवडून दिलेल्या प्रतिनिधींकडून केलेला होता. साहेबाला एक न्याय आणि घरच्या माणसाला दुसरा, ही ब्रिटिश काळातली दुटप्पी व्यवस्था त्याने मोडली, हेही खरं. आपण इथे पाहुणे आहोत. यजमानाच्या घरचा नियम पटो न पटो, पाळायचा असतो.

बीआयच्या 'द्वारका' बोटीने माझे काका सत्तरच्या दशकात मुंबईहून कुवेतला आले, ते या बंदीच्या काळात. ही बोट १९८२ पर्यंत या मार्गावर चालत होती. डेकवर वळकटी टाकून, वाटेतली बंदरं मोजत लोक आठवडाभर प्रवास करत. काका कुवेतमध्ये कधीही प्याले नाहीत. पण सुट्टीवर जाताना पुढे विमानाचा प्रवास आला, बहारीन किंवा दुबईचा थांबा आला, आणि त्या थांब्यावर घेतलेली एक बाटली गिरगावातल्या घरी पोचू लागली. ती कुणी लगेच उघडत नसे. शोकेसमध्ये, जपानी टेपरेकॉर्डरच्या शेजारी तिची जागा असे. लग्न ठरलं, बढती झाली, की दोन-दोन चमचे वाटावेत तशी वाटली जाई. रिकामी झाल्यावर तिच्यात मनीप्लांट लागे. आमच्या गॅलरीत हिरव्या काचेतली ती वेल अजून आहे. काका गेले.

आता कळतं, की त्या बाटलीची थोरवी चवीची नव्हती. स्कॉटलंडात जी व्हिस्की कोपऱ्यावरच्या दुकानात कामगार घेतो, तीच आपल्याकडे देवघरातल्या गंगाजलासारखी जपली गेली, कारण मधे बंदी होती, परवाने होते आणि जकात होती. भारताची आयात स्कॉचवरची जकात कित्येक वर्षं १५० टक्के होती. त्यावर राज्याचं उत्पादन शुल्क वेगळं. महाराष्ट्राने तेच शुल्क २०२१ च्या नोव्हेंबरात आयात स्कॉचवर ३०० टक्क्यांवरून १५० वर आणलं. २४ जुलै २०२५ ला भारत आणि ब्रिटनमध्ये व्यापार करार झाला. त्यात जकात आधी ७५ टक्के आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलं. इतकं असूनही २०२२ मध्ये भारताने सुमारे २१ कोटी ९० लाख बाटल्या घेतल्या आणि संख्येच्या हिशेबात फ्रान्सला मागे टाकलं. शोकेस बरीच मोठी झाली म्हणायची.

चवीचा खरा हिशेब करायचा असेल, तर लेबल झाकावंच लागतं. आमच्या चार-पाच वर्षांच्या परीक्षांतून जे शिकलो ते असं. पेले सारखे हवेत, वर निमुळते असले तर वास धरून ठेवतात. पंधरा-वीस मिलिलिटरपेक्षा जास्त ओतायची गरज नाही, ही चाखणी आहे, बैठक नव्हे. बर्फ आणि सोडा नको, थंडीने वास मरतो. आधी नुसता वास घ्यायचा, मग एक घोट, मग दोन-चार थेंब पाणी घालून पुन्हा. धुरकट शेवटी घ्यायची, नाहीतर बाकीच्यांची चव लागत नाही. चिवडा आणि खारे दाणे परीक्षेनंतर.

रंगावर मुळीच जायचं नाही. गडद म्हणजे जुनी, हा आपला लाडका गैरसमज. स्कॉचमध्ये कायद्यानेच साधा कॅरॅमल रंग घालायला परवानगी आहे. बाटलीवर वय छापलेलं असलं तर ते आतल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचं असतं. नसलं तर किमान तीन वर्षं एवढंच खात्रीने म्हणता येतं.

आणि खरी कसोटी हवी असेल तर बायकोने दुसऱ्या वर्षी शोधलेली युक्ती वापरावी. खाद्यपदार्थ तपासणारे लोकही हीच वापरतात, हे तिला नंतर कळलं. तीन पेल्यांत दोन सारख्या ओतायच्या, एक वेगळी. वेगळी कुठली तेवढंच सांगायचं. नुसतं अंदाजाने बोललं तरी तिनांत एकदा बरोबर येणार, म्हणून सहा-सात फेऱ्या घ्यायच्या. या परीक्षेत भले भले गळतात. टीचर्समध्ये धुराचा हलका वास आहे, तिच्या मिश्रणातल्या आर्डमोर भट्टीच्या माल्टमुळे. तो एकदा नाकाने पकडला, की ती सापडते. मेव्हणा आता सातांत पाच वेळा सापडवतो. बाकी दोघींत मला आजही फरक सांगता येत नाही, आणि हे कबूल करायला मला पाच वर्षं लागली.

जीभ इतकी कच्ची असते. हे आम्ही हसत हसत शिकलो. पण २०२५ च्या जुलैतली परीक्षा आटोपून मी ऑगस्टमध्ये कुवेतला परतलो, आणि हसू मावळलं.

त्या ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात कुवेतच्या रुग्णालयांत आशियाई कामगार येऊ लागले. दिसत नाही म्हणणारे, श्वास लागलेले, शुद्ध हरपलेले. चोरून गाळलेल्या, मिथेनॉल मिसळलेल्या दारूची बाधा होती. काही दिवसांतच आरोग्य खात्याने आकडे दिले. १६० जणांना बाधा, २३ मृत्यू. पन्नासहून अधिक जणांना तातडीने डायलिसिसवर घ्यावं लागलं, कित्येकांना कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावं लागलं, काहींची दृष्टी कायमची अधू झाली. रुग्णालयात दाखल झालेल्यांत सुमारे चाळीस भारतीय असल्याचं आपल्या दूतावासाने सांगितलं. पोलिसांनी छापे घातले, भट्ट्या मोडल्या, ६७ जणांना पकडलं.

मिथेनॉलचं दुष्टपण असं, की ते जिभेला कळत नाही. वास आणि चव साध्या अल्कोहोलसारखीच. पोटात गेल्यावर यकृत त्याचं फॉर्मिक ॲसिडमध्ये रूपांतर करतं, ते डोळ्यांच्या नसांवर घाला घालतं, आणि लक्षणं दिसेपर्यंत बरेच तास उलटून गेलेले असतात. वेळेत उतारा आणि डायलिसिस मिळालं तर माणूस वाचतो. पण जो माणूस रुग्णालयात जाऊन 'मी दारू प्यालो' म्हणाला तर आपल्याला हद्दपार करतील या भीतीने खोलीतच पडून राहतो, त्याचे ते तास वाया जातात.

ज्या जिभेला मन लावून, पाणी पिऊन, वही घेऊन बसल्यावर तीन नामांकित स्कॉच वेगळ्या ओळखता येत नाहीत, तिने रात्रपाळीनंतर पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीतलं विष कसं ओळखावं? आम्ही ठाण्यात गंमत म्हणून लेबल झाकतो. त्या कामगारासमोर लेबल नव्हतंच. १८७२ च्या ग्लासगोतला गुत्ता दीडशे वर्षांनी इथे उघडला होता.

हे सारं कुवेतच्या कायद्यावर ढकलून मोकळं होता येत नाही. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. तिथे परवाना पाच रुपयांत मिळत होता, दुकानं उघडी होती. पण लेबल लावलेली बाटली त्या वस्तीतल्या रोजंदाराला परवडत नव्हती. एकीकडे बंदी, दुसरीकडे किंमत, रांगेत उभा राहिलेला माणूस तोच. मुंबई इलाख्यात हे जुनंच आहे. १८७८ च्या अबकारी कायद्यापासून सरकारने गावठी मोहाच्या आणि ताडीच्या दारूवर कर आणि बंधनं वाढवत नेली, पुढे काही जिल्ह्यांत मोहाची फुलं बाळगण्यावरही कायदा केला. साहेबाच्या स्कॉचला क्लबात वाट मोकळी होती. चोरटी भट्टी तेव्हापासून आपल्या सोबतीला आहे.

दारू पिऊ नये, असं म्हणणाऱ्या माणसाशी माझं भांडण नाही. 'एकच प्याला' पाहत मोठ्या झालेल्या घरातला मी आहे, आणि दारूने बसलेली घरं आमच्याही चाळीत होती. पण इथे कुवेतमध्ये आपण मंडळाच्या कोजागिरीला मसाला दूध घेऊन खुशाल बसतो, सुट्टीत ठाण्याला जाऊन शोकही भागवतो. सुट्टीचं तिकीट दोन-तीन वर्षांतून एकदाच मिळणाऱ्या माणसाला ही वाट नाही. म्हणून त्या ऑगस्टनंतर आमच्या इमारतीतल्या, ओळखीच्या कामगारांना आम्ही काहीजण एवढंच सांगत आलो आहोत. घेऊ नका. आणि कुणी घेतलीच, नंतर डोळ्यांपुढे धुकं आलं, पोटात ढवळलं, तर हद्दपारीचा विचार न करता तडक रुग्णालयात न्या. परत पाठवलेला माणूस निदान घरी पोचतो.

परवा बायकोशी पुढच्या जुलैच्या परीक्षेबद्दल बोलत होतो. तिने नियमांत एक भर घातली आहे. वर्तमानपत्रात गुंडाळण्याआधी प्रत्येक बाटलीचं सील आणि उत्पादन शुल्क खात्याची चकचकीत पट्टी ती आम्हाला दाखवणार, मगच झाकणार. मेव्हण्याला हा वेळेचा अपव्यय वाटतो. मला वाटत नाही.